दगडाला पाणी मारणारे लोटूनाना

लोटूनाना पाटलांनी आयुष्यभर काय केलं असं कुणी विचारलं, तर उत्तर सोपं आहे: पाणी मारलं. हसू नका. इमारत नुसत्या सिमेंट, वाळू आणि लोखंडानं उभी राहते असं ज्यांना वाटतं, ते कधी ताज्या स्लॅबवर मे महिन्याच्या उन्हात उभे राहिलेले नाहीत. स्लॅब ओतला की खरं काम सुरू होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याला पाणी पाजायचं, तेही दोन दोन आठवडे. पाणी कमी पडलं की वरून गुळगुळीत दिसणारा स्लॅब आतून कच्चा राहतो, आणि मग दहा वर्षांनी तिथं राहणारे लोक बिल्डरच्या नावानं बोटं मोडत बसतात. नानांच्या हातचा एकही स्लॅब कच्चा राहिला नाही, हे त्यांचे जुने मुकादम आजही सांगतात.

पारोळा तालुक्यातून ते एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले. तेव्हा अंगावर मांस म्हणून नव्हतं. सुरतेजवळच्या सचिन गावी एका कारखान्याच्या बांधकामावर मुकादमानं त्यांच्या डोक्यावर भरलेलं घमेलं ठेवलं, आणि तिसऱ्या पायरीवर घमेलं एकीकडे गेलं नि नाना दुसरीकडे. मुकादमानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, हा पाईप धर, पाणी मार, तेवढं तरी जमेल. जमलं. पुढची चोवीस वर्षं जमलं. बाकीची पोरं पाईप तसाच सोडून सावलीत विडी ओढत बसायची. नाना मात्र स्लॅबच्या कोपऱ्याकोपऱ्याला आणि कॉलमला गुंडाळलेल्या गोणपाटालासुद्धा पाणी द्यायचे, आणि देताना गोठ्यातल्या बैलाशी बोलावं तसं बोलायचे, "पी, बाबा, पी." लोकांनी चेष्टा केली. नानांना त्याचं काही नव्हतं.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं म्हणणाऱ्याला नाना शहाण्यांत धरत नाहीत. ते वाळत नाही, पाणी पिऊन पिऊन दगड होतं, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे जगातल्या बहुतेक कच्च्या गोष्टींवर पाणी हाच इलाज, असं त्यांचं पक्कं मत होऊन बसलं. घरी त्यांच्या बायकोची, भागीरथीबाईंची, तुळस दोनदा सडली ती ह्याच मतापायी.

पुढे गुडघे बोलायला लागले. जिने चढवेनात. घरी बसायची पाळी आली तेव्हा हसमुखभाई भेटले. सुरतेतच पर्वत पाटियाजवळ कापडाच्या गोडाऊनांच्या मागच्या गल्लीत त्यांची छोटीशी लॅब आहे. बांधकामाचा माल तिथं तपासायला येतो. हसमुखभाई एका साइटवर ऐन दिवाळीच्या दिवशी काही कागद आणायला गेले होते, तर सगळी साइट ओस आणि हा एकटा माणूस नवे कपडे घालून स्लॅबला पाणी मारतोय. त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, माझ्याकडे येणार का? लॅबमध्ये पाण्याची एक मोठी टाकी होती. काँक्रीटचे चौकोनी ठोकळे अठ्ठावीस दिवस त्या टाकीत ठेवायचे, मग काढून, पुसून दाबाच्या मशीनमध्ये घालायचे आणि किती टनाला फुटतात ते लिहायचं. नानांना वाटलं, हे काम देवानं आपल्यासाठीच काढून ठेवलं होतं.

आणि कोट मिळाला. निळा, गुडघ्यापर्यंत, खिशावर दोऱ्यानं विणलेलं गुजरातीतलं नाव: लोटूभाई. साइटवर चोवीस वर्षांत त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती. ए पाणीवाला, इकडे ये, एवढंच. आता खिशावर नाव होतं. आपल्या वस्तीतून, डिंडोलीच्या गल्लीतून, नाना तो कोट हातावर घेऊन जायचे, घडी अशी घालायची की नाव वर दिसलं पाहिजे. भागीरथीबाई साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी करायच्या, पण रोज सकाळी टिकल्या बाजूला सारून आधी कोटाला इस्त्री.

नऊ वर्षं सुखात गेली. म्हणजे तशी सुखातच, फक्त दोन प्रकार झाले. एकदा एका बिल्डरनं ते हलके पांढरे ब्लॉक पाठवले. नानांनी सवयीनं टाकीत सोडले, तर ते बदकासारखे तरंगायला लागले. नानांनी हार मानली नाही, वर विटा ठेवून त्यांना बुडवलं. दुसरा प्रकार जास्त गंभीर होता. हजीऱ्याकडच्या एका जागेवरून मातीच्या पिशव्या आल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस, माती कोरडी पडायला लागलेली. नानांना दया आली आणि त्यांनी प्रत्येक पिशवीत तांब्याभर पाणी घातलं. त्या मातीत मुळात पाणी किती आहे, हेच तपासायचं होतं.

हसमुखभाई तसे शांत गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी पेन टेबलावर आपटलं. तिसऱ्यांदा असं काही झालं, तर कोट इथं ठेवायचा आणि घरी बसायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. टाकीवर एक पाटी लागली. वर गुजराती, खाली हिंदी: शेठला विचारल्याशिवाय कोणतीही वस्तू पाण्यात टाकू नये. लॅबमध्ये माणसं पाच आणि पाण्यात वस्तू टाकणारा एकच, तेव्हा पाटी कुणासाठी आहे हे सांगायला नको. नाना रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायचे.

आता खरी गोष्ट.

खान्देशातल्या लोकांनी मिळून पर्वत पाटियाच्या खाडीजवळ समाजाचा हॉल बांधायला घेतला होता. समितीचे अध्यक्ष सुकदेवआप्पा. स्वभावानं चांगले, पण एकदा डोक्यात काही बसलं की निघत नाही. त्यांच्या डोक्यात बसलं होतं की हॉलच्या पुढच्या ओसरीला आठ खांब हवेत आणि तेही अखंड दगडाचे. सिमेंटचे खांब काय, सगळ्या सुरतेत आहेत. श्रावणात कानबाई, आपली खान्देशची देवी, ह्या ओसरीतच बसवायची, असं बायकांनी ठरवून टाकलेलं, आणि त्यांत भागीरथीबाई सगळ्यांच्या पुढे. दगड निवडला तो वाळूचा, फिकट गुलाबी, दिसायला फार देखणा. लांबच्या एका खाणीतून त्याचे मनगटाएवढे जाड आणि वीतभराहून थोडे कमी लांब असे नऊ गोल तुकडे कापून लॅबमध्ये आले. ते तपासायचं काम योगिताकडे दिलं.

योगिता म्हणजे डिंडोलीचीच पोर, लूमवर काम करणाऱ्या बापाची. जन्म सुरतेचा, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, आणि नानांशी तेवढं मराठी. दगडांचं शिकून आली होती. तिच्या सहीनं जाणारा हा पहिलाच रिपोर्ट होता, त्यामुळे ती तीन दिवस मशीन पुसत होती. तिनं ठरवलं की शुक्रवारी तीन तुकडे आपले आपण तपासायचे, आणि उरलेले सहा सोमवारी आप्पांच्या समोर.

पहिला तुकडा नानांनी मशीनमध्ये उभा केला. दाब वाढत गेला. पाच टन, दहा टन, वीस टन. दगड हू की चू करेना. शेजारचा काटा बघितला तर तुकडा नखाच्या जाडीएवढासुद्धा आखूड झालेला नव्हता. तेवीस टनाला एकदम असा आवाज झाला की बाहेर गोडाऊनवाला दचकून उठला, आणि मशीनच्या जाळीत नुसत्या चिपा. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याची तऱ्हा मात्र निराळी. रंग तोच, वाळू तीच, पण चार-पाच टनापासूनच तो हळूहळू दबायला लागला. पोटात फुगला, अंगावर तिरक्या भेगा आल्या, नऊ टनाला त्यानं हात टेकले. मोठा आवाज नाही की काही नाही. नुसता बसला.

नानांनी विचारलं, एकाच आईची लेकरं, मग असं कसं? योगितानं दोन्ही फुटके तुकडे भिंगाखाली ठेवून त्यांना दाखवले. दगड म्हणजे वाळूचे कण, पण कणांच्या मधे त्यांना धरून ठेवणारं काहीतरी असतं. निसर्गानं लाखो वर्षांत भरलेलं सिमेंटच म्हणा. पहिल्या दोघांत ते गारगोटीचं आहे, म्हणून कण जागचे हलत नाहीत, शेवटपर्यंत ताठ राहतात आणि फुटतात ते एकदम. तिसऱ्यात ते मातीचं आहे. दाब आला की माती सरकते, कण एकमेकांवर घसरतात आणि दगड चेपत चेपत जातो. पण काळजी नाही, असंही ती म्हणाली. खांबाच्या हिशोबानं पाच टन पुरे आहेत, हा नऊ घेतोय, म्हणजे पास.

नाना बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे ह्याच्यातलं सिमेंट कच्चं राहिलं. योगिताच्या फोनवर तेवढ्यात काहीतरी आलं होतं. ती फोनकडे बघत म्हणाली, हो, तसंच समजा, नाना.

आता सांगा, चोवीस वर्षं पाणी मारलेल्या माणसाला सिमेंट कच्चं राहिलंय असं सांगितल्यावर तो दुसरं काय करणार? शनिवारी दुपारी हसमुखभाई कामाला बाहेर गेले, योगिता साइटवर. नाना पाटीसमोर उभे राहिले. पाटी त्यांनी पुन्हा एकदा वाचली. पण उरलेल्या सहांत एखादा कच्चा निघाला तर पोरीच्या पहिल्याच रिपोर्टला गालबोट लागायचं, आणि समाजाच्या हॉलला बसका खांब शोभेल का? दोन रात्री पाण्यात राहिले तर किती पक्के होतील बिचारे. सोमवारी सकाळी लवकर येऊन काढू, पुसू, कुणाला कळायचंही नाही. सहाच्या सहा त्यांनी टाकीत सोडले आणि हळूच म्हणाले, "पी, बाबा, पी."

रविवारी लॅब बंद. पण नानांचा जीव राहतोय होय? किल्ली त्यांच्याकडेच असायची. नऊ वाजताच ते लॅबमध्ये हजर. टाकीत वाकून बघितलं तर चार तुकडे होते तसे, आणि दोघांच्या आजूबाजूचं पाणी गढूळ झालेलं. एक बाहेर काढून त्यांनी अंगठ्यानं चोळला. अंगठ्याला गुलाबी चिखल लागला. पुन्हा चोळला, पुन्हा लागला. ज्या पाण्यानं त्यांच्या सगळ्या आयुष्यात प्रत्येक गोष्ट घट्ट केली होती, त्या पाण्यानं हा दगड चहात भिजलेल्या खारीसारखा मऊ केला होता.

त्यांनी सहाही तुकडे घमेल्यात भरले आणि गुडघ्यांना शिव्या देत गच्चीवर नेले. मे महिन्याचं ऊन. रांगेत मांडून ठेवले. तासाभरात अंग वाळायला लागलं, रंग परत आला. नाना शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी मनाशी सगळं ठरवलं. संध्याकाळपर्यंत हे कोरडे ठणठणीत होणार. सोमवारी नऊ टन घेतीलच. पास. पोरीची सही होईल, आप्पा खूश होतील, आणि कोट राहील. कुणालाही काही सांगायची गरज नाही.

इथवर सगळं बरोबर होतं. पण माणूस गच्चीवर बसला की इकडेतिकडे बघतोच. समोर खाडी होती. उन्हाळ्यात काळं पाणी कडेकडेनं वाहत होतं. पलीकडे हॉलचं बांधकाम, आणि त्याच्या शेजारच्या गोडाऊनच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यातल्या पुराची रेघ. कमरेच्या वर. दर वर्षी खाडी फुगते, दर वर्षी पर्वत पाटियात पाणी भरतं, लोक दोन-तीन दिवस शिव्या देतात आणि मग पंप लावतात. त्यात कुणाला काही नवल नाही. नाना त्या रेघेकडे बघत राहिले. खांब त्या रेघेच्या खाली उभे राहणार होते. दर वर्षी, दोन-तीन दिवस, पाण्यात. आणि वर ओसरीचं छप्पर, आणि छपराखाली कानबाई आणि तिच्यासमोर फेर धरणाऱ्या सगळ्या बायका.

नाना उठले. सहाही तुकडे परत घमेल्यात भरले, जिना उतरले आणि एकेक करून पुन्हा टाकीत सोडले. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत. त्यांना खरंच रडायला येत होतं.

घरी भागीरथीबाईंनी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं होतं. नाना ताटात नुसता हात फिरवत बसले. एवढ्या वर्षांत भरीत समोर असताना ह्या माणसाचा हात थांबलेला बाईंनी बघितला नव्हता. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि नानांनी पाटीपासून पुराच्या रेघेपर्यंत सगळं ओकून टाकलं. बाईंनी हातातली साडी खाली ठेवली.

"पानीच दिन्हं ना? चोरी ते नही करी," त्या म्हणाल्या. "मंग सांगी द्या."

कोट जाईल, असं नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कोटाला रोजच्यापेक्षा कडक इस्त्री केली, बस.

सोमवारी अकरा वाजता आप्पा आले, सोबत समितीची दोन माणसं. हसमुखभाईंनी चहा मागवला. योगितानं मशीन सुरू केलं आणि नानांना म्हणाली, नाना, तुकडे आणा. नाना टाकीपाशी गेले, पाटीच्या खाली उभे राहिले आणि तिथूनच बोलले.

"शेठ, सहाही दगड मी पाण्यात टाकलेत. शनिवारपासून आहेत. कुणाला विचारलं नाही."

चहाचा कप हसमुखभाईंच्या ओठाशी गेला होता तो तिथंच थांबला. आप्पांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा मात्र ते तडकले. खाणीवरून दुसरे तुकडे यायला पंधरा दिवस, पावसाळा तोंडावर, खांब कधी घडवायचे, कधी उभे करायचे? श्रावणात कानबाई काय वाळूच्या ढिगावर बसवायची? आपल्याच माणसानं आपल्या कामाची माती करावी ह्याचं त्यांना फार लागलं, आणि ते त्यांनी मोठ्यानं बोलून दाखवलं. नाना खाली मान घालून ऐकत राहिले. हसमुखभाईंनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि कप खाली ठेवला.

योगिता मधे आली. तिनं टाकीत हात घातला, एक तुकडा काढून अंगठ्यानं चोळला. मग दुसरा, मग सगळे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. नानांनी तेवढ्यात तिला गच्चीवरून दिसणाऱ्या रेघेचंही सांगितलं, चाचरत, अर्धं अहिराणीत. ती हसमुखभाईंकडे वळून म्हणाली की हे असेच ओले तपासूया. आप्पांना थांबायचं नव्हतं, पण उठायला जागाही नव्हती. दारात मशीन होतं.

पहिले चार तुकडे एकापाठोपाठ एक, बावीस टन, तेवीस टन, एकवीस, बावीस. प्रत्येक वेळी तो मोठा आवाज आणि प्रत्येक वेळी आप्पांच्या समितीतला एक माणूस दचकून दुसऱ्याचा दंड धरायचा. गारगोटीनं बांधलेल्या दगडाला पाण्यानं फारसा फरकच पडलेला नव्हता. मग पाचवा. दाब एक टनावर गेला आणि काटा हलायला लागला. दोन टनावर तुकड्याचं पोट सुटलं. दगड गव्हाच्या दाण्याएवढा आखूड झालेला सगळ्यांनी बघितला. तीन टन व्हायच्या आत तो आवाज न करता खाली बसला, आणि नानांनी काढायला हात घातला तर मुठीत ओला चुरा आला. सहाव्यानं अडीच टनातच मान टाकली.

योगितानं शुक्रवारचे आकडे आप्पांपुढे ठेवले. आप्पांनी विचारलं की शुक्रवारी ह्याच जातीच्या तुकड्यानं नऊ टन घेतले होते, ते कसं काय. योगितानं सांगितलं की वाळू तीच आहे, पण मधे धरून ठेवणारी माती आहे. कोरडी असते तोवर ती कणांना धरून ठेवते, ओली झाली की सोडून देते. खाणीत बहुतेक दोन थर असणार, वरचा मातीचा आणि खालचा गारगोटीचा, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच.

"कोरडेच तपासले असते तर?" आप्पांनी विचारलं.

"सगळे पास झाले असते," योगिता म्हणाली. "आणि खाली माझी सही असती."

मग ती हसमुखभाईंना म्हणाली की दगड पाण्यात टाकला नानांनी, पण सिमेंट कच्चं आहे असंच समजा, हे मी म्हणाले होते. पोर गुणाची, ते ह्यावरून कळावं. आप्पा खिडकीशी गेले. तिथून खाडी दिसत नाही, गोडाऊनची मागची भिंत तेवढी दिसते, पण ते बराच वेळ तिकडेच बघत होते. पुराचं पाणी त्यांच्या स्वतःच्या दुकानात दर वर्षी शिरतं, आणि तरी खांब पाण्यात उभे राहणार हे त्यांच्या काही डोक्यात आलं नव्हतं. जाताना त्यांनी नानांच्या पाठीवर हात ठेवला. मघाशी बोललेलं परत कसं घ्यायचं ते त्यांना जमत नव्हतं.

हसमुखभाई मात्र दिवसभर आपल्या कागदांत डोकं घालून. संध्याकाळी नाना निघाले तेव्हा तेवढंच म्हणाले, उद्या जरा उशिरा या, दहाला. नानांना वाटलं, झालं. नऊ वर्षांत कुणी उशिरा या म्हणालं नव्हतं. हिशोब करायला वेळ हवा असणार. दगडाचं भलं झालं ते झालं, पण सांगितलेलं मोडलं ते मोडलंच, आणि तिसऱ्यांदा मोडलं. त्यात शेठचं काही चुकलं असं नानांना वाटेना.

मंगळवारी त्यांनी कोट घातला नाही. भागीरथीबाईंनी तो धुऊन, इस्त्री करून, नाव वर येईल अशी घडी घालून पिशवीत दिला. नाना दहाला पोचले. लॅबच्या दारात रंगाचा वास येत होता. आत टाकीपाशी एक पेंटर स्टुलावर उभा राहून पाटी रंगवत होता, आणि हसमुखभाई मागे हात बांधून अक्षरं सरळ येतात की नाही ते बघत होते. जुनी अक्षरं पांढऱ्या रंगाखाली गेली होती. नवी गुजरातीत होती, खाली हिंदीत, आणि सगळ्यात खाली, योगितानं कागदावर काढून दिल्याप्रमाणे, पेंटर जीव लावून मराठीत काढत होता:

लोटूभाईंना विचारल्याशिवाय कोणताही दगड कोरडा तपासू नये.

नानांनी ती तीनदा वाचली. हसमुखभाई मागे न वळताच म्हणाले, लोटूभाई, कोट कुठाय? नानांनी पिशवीतून कोट काढला, पण बाही काही सापडेना. एक हात दोनदा बाहेरच राहिला. शेवटी योगितानं धरून घातला. पांढरे ब्लॉक आणि मातीच्या पिशव्या ह्यांना पाणी घालायचं नाही, हे मात्र त्याच वेळी पुन्हा बजावून सांगण्यात आलं. हसमुखभाई काही एवढे भोळे नाहीत.

आप्पांनी मग स्वतः खाणीवर जाऊन खालच्या थराचाच दगड काढायला लावला. आठही खांबांचे तुकडे लॅबमध्ये आले, दोन दोन दिवस टाकीत राहिले, नानांनी प्रत्येक अंगठ्यानं चोळला आणि मगच मशीनखाली गेला. आठही आवाज करून फुटले. वरच्या थराचा जो दगड खाणीवर आधीच कापून ठेवला होता, त्याचे उंच छपराखाली, पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी, नक्षीचे कोनाडे झाले. टाकून काहीच द्यावं लागलं नाही. रिपोर्टवर योगिताची सही झाली. तिनं त्याची एक प्रत नानांना दिली, ती भागीरथीबाईंनी प्लॅस्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी लावली. वाचता दोघांनाही येत नाही, इंग्रजीत आहे.

श्रावण आला. कानबाईच्या आदल्या दिवशी असा पाऊस लागला की विचारू नका. रविवारी सकाळी खाडीनं पात्र सोडलं आणि हॉलच्या पायऱ्या चढून पाणी ओसरीत आलं, गुडघाभर. पावसाचा रंग बघून कानबाई ओसरीऐवजी आतल्या उंच चौथऱ्यावर बसवली होती, पण रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, सामान घेऊन बायका दारात अडकल्या, पुरुष पंप शोधत धावले. आप्पा धोतर वर खोचून सारखे छपराकडे बघत होते. भागीरथीबाईंनी पाण्यातच उभं राहून गाणं धरलं, तेव्हा बाकीच्याही एकेक करत त्यांच्यामागे पाण्यात उतरल्या.

नानांनी पँट वर दुमडली आणि ते गुडघ्यांना न विचारता पाण्यात शिरले. पहिल्या खांबापाशी जाऊन त्यांनी पाण्याखाली हात घातला आणि अंगठ्यानं दगड चोळला. हात वर काढून बघितला. अंगठा स्वच्छ होता. मग दुसरा खांब, तिसरा, असे आठही. आप्पा तिथूनच डोळ्यांनी विचारत होते. नानांनी नुसती मान हलवली, आणि आप्पा त्या पाण्यातच पायरीवर बसले.

शेवटच्या खांबाला नाना जरा टेकले. पाणी त्याच्या अंगाला लागून वाहत होतं. त्यांनी ओला तळवा दगडावर ठेवला, दोनदा थोपटलं, आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पी, बाबा, पी. किती प्यायचं ते पी."